किट घ्यावं की तार आणावी? बेळगावकडच्या पालकांसाठी खेळण्यांचा आढावा

घरात नऊ-दहा वर्षांचं मूल आहे, एप्रिलची सुट्टी तोंडावर आली आहे आणि खिशात हजारभर रुपये आहेत. या पैशात 'सायन्स किट' नावाचा रंगीत खोका आणायचा, की तारा, चुंबकं, आरसे, सेल असं सुटं सामान आणून घरीच खटपट करत बसायचं? की दोन्ही सोडून गोकाक-सावंतवाडीची लाकडी खेळणी घ्यायची? दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी हे विचारतंच. माझं मत आधीच सांगून टाकतो: खोका घेऊ नका, सुटे भाग घ्या. याला अपवाद आहेत आणि ते चांगले भक्कम आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोटर घेऊन बघा, म्हणजे फरक कळेल

एकच वस्तू दोन्ही बाजूंनी तपासू. बहुतेक किटमध्ये एक छोटी मोटर असते. चकचकीत डबी, मागे जोडणीसाठी दोन पत्रे. वायर लावली, सेल बसवला, पंखा गरगरला. पाच मिनिटांत काम फत्ते. पण पंखा का फिरला याचं उत्तर त्या पत्र्याच्या डबीत बंद आहे, आणि डबी उघडायची नाही असं पुस्तिकेत बजावलेलं असतं. पोर दोन दिवस पंखा फिरवतं, तिसऱ्या दिवशी सेल काढून रिमोटमध्ये घालतं.

आता घरची मोटर. हिला लागते वाइंडिंगची तार, म्हणजे लाखेसारखं तांबूस आवरण असलेली तांब्याची तार. ती खेळण्यांच्या दुकानात मिळत नाही. जिथे पंखे आणि पाण्याच्या मोटरी रिवाइंडिंगला येतात तिथे मिळते, आणि अशी दुकानं आपल्याकडे निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर, कुठेही सापडतील. मागताना २२ ते २४ गेजची मागा. पंख्याची तार फार बारीक पडते, तिचा आकार टिकत नाही. सबमर्सिबलची तार प्लास्टिकच्या आवरणाची असते, ती या कामाची नाही. तार वजनावर विकतात. तुम्हाला मीटरभर पुरते, तेव्हा "मामा, पोराला शाळेसाठी पाहिजे वो" म्हणून उरलेला तुकडाच मागून घ्या.

त्या तारेचे मार्कर पेनभोवती दहाएक वेढे घ्यायचे. पेन काढून घेतलं की वेटोळं राहतं. त्याची दोन टोकं समोरासमोर, एका रेषेत बाहेर काढायची आणि वेढे सुटू नयेत म्हणून प्रत्येक टोकाचा एकेक फेरा वेटोळ्यावर आवळायचा. टॉर्चचा मोठा सेल घ्यायचा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिने सेलच्या दोन्ही टोकांना एकेक सेफ्टी पिन घट्ट बसवायची, पिनेचं भोक वर येईल अशी. सेलच्या पाठीवर एक चुंबक. वेटोळ्याची टोकं दोन्ही भोकांत अडकवली की सांगाडा तयार.

खरी गंमत खरवडण्यात आहे. तारेवरचं आवरण वीज जाऊ देत नाही, म्हणून टोकं पॉलिश पेपरने घासावी लागतात. एक टोक सगळीकडून घासायचं. दुसरं मात्र अर्धंच: वेटोळं टेबलाच्या कडेवर उभं धरायचं आणि त्या टोकाची फक्त वरची बाजू घासायची, खालची तशीच ठेवायची. का? तारेतून वीज गेली की वेटोळं स्वतःच चुंबक होतं आणि खालचं चुंबक त्याला ढकलतं. अर्धा फेरा हे ढकलणं पुढच्या दिशेने होतं. उरलेल्या अर्ध्यातही वीज चालू राहिली तर तेच बळ उलटं लागतं आणि वेटोळं नुसतं मागेपुढे झुलत बसतं. म्हणून अर्धा फेरा वीज चालू, अर्धा फेरा बंद. बंद असलेल्या अर्ध्यात ते आधीच्या वेगावरच पुढे सरकतं आणि पुन्हा धक्क्याच्या जागी येतं. विकतच्या मोटरीतही वीज वेळच्या वेळी अशीच वळवावी लागते. तिथे ते काम कार्बन किंवा तांब्याचे ब्रश आणि तुकड्या-तुकड्यांची तांब्याची कडी करतात, पण डबीच्या आत, दिसणार नाही असं.

ही मोटर पहिल्या फटक्यात सहसा फिरत नाही. टोक वाकडं असतं, आवरण नीट निघालेलं नसतं, पिन सैल असते, नाहीतर वेटोळं एका बाजूला जड असतं. मूल टिचकी मारतं, वेटोळं हलतं आणि थांबतं. मग एकेक कारण काढत जायचं. कुठेतरी अचानक ते भिरभिरायला लागतं आणि घरभर "फिरूलालंय, फिरूलालंय!" होतं. माझ्या हिशेबात किट आणि घरचं खेळणं यांतला मुख्य फरक हा आहे. किटमध्ये बिघाड झाला तर तो कंपनीचा. दुकानात नेऊन बदलायचा. घरच्या खेळण्यातला बिघाड आपला असतो आणि आपल्यालाच सापडतो.

एक सावधगिरी. ही मोटर चालू असताना सेल लवकर तापतो, कारण एवढीशी तार सेलला जवळजवळ शॉर्टच करते. खेळ झाला की वेटोळं उचलून ठेवायचं. एकच साधा सेल वापरायचा, मोबाईलची बॅटरी नाही, आणि घरातल्या प्लगजवळ तर ही तार जाताच कामा नये.

असली खेळणी शाळाशाळांत पोचवण्यात अरविंद गुप्ता यांचा मोठा वाटा आहे. जन्म बरेलीचा, शिक्षण आयआयटी कानपूरचं, १९७५ साली इंजिनिअर होऊन पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नोकरी. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, आणि काड्यापेटीच्या काड्या, सायकलची वॉल्व्ह ट्यूब, रिकाम्या रिफिली यांतून खेळणी करायचा नाद तिथे लागला तो कायमचा. पुढे २००३ ते २०१४ या काळात ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी आणि पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीत आणि कन्नडमध्येही. आपल्याकडे याचं मोल वेगळं आहे. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी असं जगणाऱ्या पोराला किटमधली इंग्रजी पुस्तिका आई-बाबांकडून समजून घ्यावी लागते. इथे शेजारच्या कन्नड माध्यमातल्या दोस्ताबरोबर एकाच खेळण्यावर दोघांना बसता येतं.

खोक्यात नक्की काय असतं

किटवाल्यांवर अन्याय नको. सगळं सामान एका जागी असतं. वायर शोधायला दुकान-दुकान हिंडावं लागत नाही. आई-बाप दोघेही उद्यमबागेतल्या कारखान्यात किंवा बँकेत सकाळी नऊला जाऊन संध्याकाळी सातला येत असतील तर ही मोठी सोय आहे. पुस्तिकेतला क्रम बरा असेल तर मूल आपलं आपण पुढे जातं. घरच्या खेळण्याला शेजारी बसणारं मोठं माणूस लागतं आणि खरा खर्च तोच आहे. सुटं सामान दीड-दोनशेत येतं, पण रविवारची दुपार जाते. ती देता येणार नसेल तर सामान आणून कपाटात टाकण्यापेक्षा किट परवडलं.

पण काही खोक्यांत पैसे कशाचे घेतात ते बघा. 'क्रिस्टल बनवा' म्हणून एक खोका मिळतो. आत पांढऱ्या पुडीचं पाकीट, रंग, प्लास्टिकचा पेला, थोडे खडे. ती पुडी बहुतेक वेळा तुरटीची असते, नाहीतर मोनोअमोनियम फॉस्फेटची. हे दुसरं नाव ऐकून दबकू नका. आपल्याकडचे ऊस-भाजीवाले शेतकरी ड्रिपमधून सोडतात ते १२:६१:०० म्हणजे हेच. ज्या घरात खताची पिशवी उघडी पडली आहे त्या घरातलं पोर चिमूटभर पुडीसाठी शेकडो रुपये मोजायला लावतं. अर्थात खत ते खत. लहान मुलाच्या हाती देण्यापेक्षा किराणा दुकानातली तुरटीच घ्या.

तुरटीचा खडा करायला गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी विरघळवायची, फडक्यातून गाळायची आणि थंड होऊ द्यायची. तळाला बारीक खडे धरतात. त्यातला एक नितळ, कोपरे नीट असलेला निवडून दोऱ्याने बांधायचा आणि गाळलेल्या थंड पाण्यात लोंबता सोडायचा. वर कागद झाकायचा आणि हलवायचं नाही. पाणी हळूहळू उडून जातं तशी जादा तुरटी खड्यावर बसत जाते आणि आठ कडांचा नव्हे, आठ बाजूंचा, दोन पिरॅमिड तळाशी चिकटवल्यासारखा आकार दिसायला लागतो. घाईने थंड केलं तर खड्यांचा गचका होतो. हे विकतच्या पुडीतही होतं, घरच्या तुरटीतही होतं. फरक शून्य.

रसायनांच्या बाकीच्या किटबद्दल मी एवढंच म्हणेन की दहाच्या आतल्या मुलाला ती घेऊ नका.

गुंडी, दोरा आणि दोन ग्रॅमचा कागद

मोठ्या कोटाची गुंडी, तिच्या दोन भोकांतून ओवलेला दोरा, दोन्ही हातांनी पीळ घालून ताण द्यायचा आणि सोडायचा. गुंडी घूंऽऽ करत फिरते. आपल्यापैकी प्रत्येकाने हे केलेलं असेल. गुंडी नसली तर सोड्याच्या बाटलीचं झाकण ठोकून सपाट करायचो (कडा धारदार राहते, बोट कापतं, पोरांना आता गुंडीच द्या). दोरा उलगडताना गुंडीला वेग मिळतो, त्या वेगाच्या भरात ती दोऱ्याला उलट्या बाजूने पीळ घालते, आणि तुम्ही योग्य क्षणी ओढलंत की पुन्हा तेच.

स्टॅनफर्डमधले मनू प्रकाश आणि त्यांच्या साथीदारांनी याच खेळण्याचं गणित नीट मांडलं आणि २०१७ च्या जानेवारीत कागदाचा सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून द्रवातले घटक वेगळे करणारं यंत्र, जगापुढे ठेवला. कागदाच्या दोन चकत्या, दोरा, दोन मुठी. वजन सुमारे २ ग्रॅम, खर्च २० सेंट, वेग मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत. रक्तातला प्लाझ्मा दीड मिनिटात वेगळा होतो. वीज नसलेल्या दवाखान्यांत मलेरियाच्या तपासणीला असं यंत्र उपयोगी पडावं, हा त्यामागचा विचार. दुकानातल्या कुठल्या फिरत्या खेळण्यातून हे सुचलं असतं असं मला वाटत नाही.

या बाबतीत किट आणि घरचं खेळणं यांची तुलनाच होत नाही. जुन्या कोटाची गुंडी फुकट आहे.

जिथे विकतचं सरस ठरतं

भिंग. इथे हट्ट करू नका. तारेच्या टोकाला मोहरीएवढं कडं करून त्यात पाण्याचा थेंब धरला की तो भिंगाचं काम करतो, छापील अक्षर मोठं दिसतं. पोरांना दाखवायला छान आहे, पण थेंब हलतो, सांडतो, सुकतो. काचेच्या मण्याएवढ्या एका भिंगातून डेल्फ्ट गावच्या लेवेनहुक नावाच्या कापडव्यापाऱ्याने १६७० च्या दशकात सूक्ष्मजीव पाहिले हे खरं, पण तसं भिंग घासायला त्याचाच हात पाहिजे. त्यापेक्षा फोल्डस्कोप घ्या. हाही मनू प्रकाश यांच्याच प्रयोगशाळेतला. कागद घडी घालून जोडायचा, मध्ये छोटं भिंग, सुमारे १४० पट मोठं दिसतं. कांद्याचा पापुद्रा, डोक्यातली ऊ, जुलैत भाताच्या खाचरातलं पाणी. मूल स्वतः घड्या घालून तो जुळवतं, म्हणजे निम्मं घरचंच.

दुर्बिणीचंही तेच. चष्म्याच्या दुकानातून दोन भिंगं आणून पुठ्ठ्याच्या नळीत बसवता येतात, एकदा करून बघायला हरकत नाही. पण चंद्राच्या कडेला निळा-जांभळा रंग फुटतो आणि हात हलला की चंद्र गायब. आकाश बघायचा नाद लागणार असं दिसत असेल तर साधी चांगली बायनॉक्युलर घ्या. ती मुलाच्या लग्नापर्यंत टिकते.

तेरा-चौदाच्या पुढे इलेक्ट्रॉनिक्सची आवड दिसली तर तिथेही किट बरं. भाग खोचायचा ब्रेडबोर्ड, एलईडी, सेन्सर सुटे सुटे घेताना चुकीचाच भाग पदरात पडतो. एक मध्यम मार्गही आहे: काही घ्यायच्या आधी मुलाला एकदा धारवाडच्या प्रादेशिक विज्ञान केंद्रात घेऊन जा. कर्नाटक विद्यापीठाच्या आवारात आहे, बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तिथे मूल ज्या यंत्रापाशी रेंगाळलं, त्या विषयाचं सामान घ्या.

कॅलिडोस्कोप मात्र चुकूनही विकत घेऊ नका. बाजारातल्या बहुतेकांत आरशाऐवजी चकचकीत प्लास्टिकची पट्टी असते आणि नक्षी धुरकट दिसते. काच कापणाऱ्याकडून आरशाच्या सारख्या तीन पट्ट्या कापून आणा, कडांना चिकटपट्टी लावा, त्रिकोण करून बांधा, टोकाला बटर पेपर आणि आत फुटक्या बांगड्यांचे तुकडे. डेव्हिड ब्रूस्टरने १८१६ मध्ये हे यंत्र काढलं तेव्हाही तत्त्व एवढंच होतं. बांगडीच्या काचेचा रंग प्लास्टिकच्या मण्याला येत नाही.

दोन बैल, दोन माती

घरी खेळणी करण्याची गोष्ट आपल्याला कोणी शिकवायला नको. ज्येष्ठातल्या पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर आणि त्यानंतरच्या अमावास्येला मण्णेत्तिन अमावास्या. सीमाभागातल्या घरांत मातीचे बैल येतात ते या दिवसांत. हल्ली बरेच जण तयार जोडी आणतात. करायला घेतली तर मात्र या एका मातीच्या बैलात कुठल्याही खोक्यापेक्षा जास्त विज्ञान आहे.

हा प्रयोग करून बघा. एक बैल खानापूरकडच्या तांबड्या मातीचा करा आणि दुसरा गोकाक-सौंदत्तीकडच्या काळ्या मातीचा. पूर्वेकडे पाहुणे असतील तर पिशवीभर माती मागवणं काही अवघड नाही. दोन्ही बैल सारख्याच आकाराचे, आणि सावलीत शेजारी शेजारी ठेवायचे. काळ्या मातीचा बैल मळताना मोठा मऊ, हवा तसा वळतो. वाळताना मात्र पोटावर, मानेच्या मुळाशी भेगा पडायला लागतात. मग शिंग गळतं. काळ्या मातीतल्या चिकणकणांच्या थरांमध्ये पाणी शिरतं, माती फुगते. पाणी गेलं की ती आकसते. उन्हाळ्यात त्या भागातल्या शेतांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने. तांबडी माती तेवढी फुगत नाही, म्हणून तेवढी आकसतही नाही.

आता काळ्या मातीत बारीक वाळू मिसळून तिसरा बैल करा. मग चौथा, बारीक केलेला भुसा घालून. भेगा कमी होतात का, किती घातली तर माती वळायचीच बंद होते, हे मुलाने वहीत लिहायचं. खानापूरला कुंभारकामाची जुनी परंपरा आहे, खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही तिथे आहे. एखाद्या कुंभाराकडे पोराला नेऊन "मातीत काय मिसळता?" एवढंच विचारू द्या. जे उत्तर येईल ते पुस्तिकेत नसतं.

याच्या शेजारी विकतची रंगीत मॉडेलिंग क्ले ठेवून बघा. हात खराब होत नाहीत, भेगा पडत नाहीत, रंग छान. चार वर्षांच्या मुलाला तीच द्या. दहा वर्षांच्या मुलाला तिच्यातून शोधण्यासारखं काही उरत नाही, कारण ती बिघडतच नाही.

दिवाळीच्या किल्ल्याचंही असंच. बेळगावात गल्लोगल्ली किल्ले होतात, स्पर्धा होतात. तयार मावळे आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा तयार बुरूज आणला तरी डोंगराचा उतार पोरांनाच ठरवावा लागतो. फार उभा केला की रात्रीतून घसरतो. आत दगड, वर पोतं, त्यावर माती, आणि आळीव पेरायचे ते कुठल्या दिवशी पेरले म्हणजे दिवाळीला बरोबर हिरवे होतील याचा हिशेब. हे सगळं बिनपैशाचं इंजिनिअरिंग आहे. फक्त किल्ल्यावर फटाके उडवणारा एक भाऊ प्रत्येक गल्लीत असतोच, त्याचा बंदोबस्त आधी करा.

लाकडी खेळणी

यावर फार लिहित नाही, कारण ही निवड वेगळ्या वयासाठी आहे. मूल पाचच्या आत असेल तर मोटर-चुंबक विसरा आणि लाकडी खेळणी घ्या. गोकाकची रंगवलेली लाकडी फळं-भाज्या आपल्याच जिल्ह्यातली. आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी. कर्नाटकाच्या दुसऱ्या टोकाला चन्नपट्टण, तिथे काळ्या कुड्याचं लाकूड कातून त्यावर लाखेचा रंग चढवतात. लहान मूल वस्तू तोंडात घालतं, म्हणून रंग कोणता आहे हे विचारून घ्या. शोभेसाठी केलेली वस्तू आणि खेळायला केलेली वस्तू यांत फरक असतो. गोकाकची फळं टोपलीत मांडायला सुंदर, दात येणाऱ्या बाळाला द्यायला नव्हेत.

कारखान्यातलं खेळणं घेणार असाल तर आयएसआय शिक्का बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर तो सक्तीचा आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. जत्रेत ढिगाने विकतात त्या लुकलुकणाऱ्या वस्तूंवर हा शिक्का शोधून बघा, मग काय घ्यायचं ते आपोआप कळेल. त्यांच्यातला चपटा बटण सेल जास्त धोक्याचा. मुलाने गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांत भाजल्यासारखी जखम होऊ शकते. शिसं, रंग वगैरेपेक्षा मी पहिल्यांदा सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का ते बघतो. छोटी जोरदार चुंबकंही तशीच: दोन गिळली तर आतड्याच्या दोन घड्या मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात. घरच्या प्रयोगाला जुन्या स्पीकरमधलं मोठं काळं गोल चुंबक घ्या. भंगारवाल्याकडे मिळतं आणि कोणाच्या घशात जात नाही.

शिक्षकांसाठी, आणि 'प्रोजेक्ट'बद्दल

वर्गात चाळीस मुलं असतील तर निर्णय सोपा आहे. एका किटभोवती चार पोरं वाकतात, बाकीची छत्तीस खिडकीबाहेर बघतात. चाळीस स्ट्रॉ मात्र वीस-तीस रुपयांत येतात. स्ट्रॉचं एक टोक चपटं करायचं, दोन्ही कोपरे तिरके कापायचे की टोक बाणासारखं होतं. ओठांत धरून जोरात फुंकलं की पिपाणी वाजते. वाजत असतानाच दुसऱ्या टोकाकडून कात्रीने तुकडे कापत जायचं: नळी आखूड होते तसा स्वर चढत जातो. सनईवाला बोटाने भोकं उघडतो तेव्हा हेच घडतं. चाळीस पिपाण्यांनी शेजारचा वर्ग वैतागेल, हेडमास्तरांना आधी सांगून ठेवा. आता प्लास्टिकऐवजी कागदी स्ट्रॉ मिळतात, पण त्या ओठांत लवकर भिजतात. पपईच्या पानाचा पोकळ देठ मिळाला तर तो घ्या, मात्र चीक निथळून, पुसून.

या सगळ्यांत निवडू नये अशी एक तिसरी जात आहे. स्टेशनरी दुकानात लटकणारा तयार 'प्रोजेक्ट'. थर्माकोलची पवनचक्की, थर्माकोलचा ज्वालामुखी, नाव लिहायला जागा सोडलेली. हे खेळणंही नाही, प्रयोगही नाही. आदल्या रात्री नऊ वाजता आठवण झाली म्हणून घेतलेली वस्तू आहे ती. मार्क मिळतात हे मान्य. पण वर्गात चार सारखेच ज्वालामुखी आले की बाईंना कळतं आणि मुलालाही कळतं.

घरच्या खेळण्यांचाही एक रोग आहे, तो सांगायला हवा. बाबाच करतात. पोराच्या हातातून कात्री घेऊन "असं नाही, थांब, मी दाखवतो" म्हणत दोन तासांनी बाबा खूश आणि पोर टीव्हीपुढे. अशा घरात किटच बरं. त्यातली पुस्तिका निदान हातातलं काढून घेत नाही.

मग हजार रुपयांचं काय करायचं

आठ ते बारा वयाच्या मुलासाठी मी असे घालवीन. फोल्डस्कोप किंवा एक बरं भिंग, हा विकतचा मोठा खर्च. दोन मोठे सेल, सेफ्टी पिना, पॉलिश पेपर, आरशाच्या तीन पट्ट्या, पाव किलो तुरटी, फेविकॉल. तार वाइंडिंगवाल्याकडून, चुंबक भंगारातून, ट्यूब आणि जुने छर्रे सायकलवाल्याकडून. सायकलच्या दुकानाला कमी लेखू नका: गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८८ साली बेळगावात सायकलचंच दुकान चालवत होते, आणि त्यातून पुढे लोखंडी नांगर निघाला. उरलेले पैसे मुलाच्या हातात द्या. काहीतरी कमी पडणारच आहे, ते त्याने स्वतः जाऊन आणायचं, दुकानदाराला मराठीत किंवा कन्नडमध्ये काय पाहिजे ते सांगून.

सामान घ्यायच्या आधी महिना बघा. फुगा केसांवर घासून भिंतीला चिकटवणं, कंगव्याने कागदाचे कपटे उचलणं हे स्थिर विजेचे खेळ डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत झकास होतात. जुलैत, त्यातही जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात, ते होतच नाहीत. दमट हवेत वस्तूंवर ओलीचा पातळ थर बसतो आणि त्यावरून वीज निसटून जाते. पोर हिरमुसतं आणि आपण उगाच फुगा बदलत बसतो. तुरटीचा खडाही पावसाळ्यात वाढायला फार वेळ घेतो, कारण पाणी उडतच नाही. तो दिवाळीनंतर लावा. मोटर, कॅलिडोस्कोप आणि पिपाणी बारा महिने चालतात. मातीचे बैल मात्र मृगाच्या आधी करून वाळवून घ्यायला हवेत, नाहीतर बेंदरापर्यंत ओलेच राहतात.